टेबलावरचा भुंगेरा

अमेरिकेत तुम्ही काय करत होता, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, "मेलेल्या किड्यांच्या घरात कारकुनी." समोरचा माणूस आधी हसतो, मग जरा बिचकतो आणि मग मुलं काय करतात ते विचारून विषय बदलतो. माझ्या बरोबरीच्या बायका बँकेत, इस्पितळात, कॉम्प्युटरच्या कंपनीत होत्या. त्यांचं एका शब्दात भागायचं. माझं भागत नाही. यंदा मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर फोन करून माझा पिच्छा पुरवला, तेव्हा म्हटलं, एकदाचं सगळं लिहून टाकावं.

ऐंशीच्या दशकात आम्ही मिशिगनमध्ये ॲन आर्बरला होतो. श्रीधर, म्हणजे माझा नवरा, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. मी सांगलीची बी.कॉम. आणि नवीन आलेली. थंडी अशी की कपडे घालण्यात सकाळ आणि काढण्यात संध्याकाळ जायची. घरात बसून मी चिडचिडी झाले होते. विद्यापीठापासून दोन गल्ल्यांवर लाल विटांचं एक जुनं घर होतं. त्या घराच्या दारावर 'सेक्रेटरी पाहिजे' अशी पाटी दिसली आणि मी बूट झटकून आत शिरले. दाराशीच एक पेंढा भरलेलं अस्वल दोन पायांवर उभं होतं. मी त्याला बघून किंचाळले. ती माझी मुलाखत. आतून डॉ. हॉलोवे धावत आले, "घाबरू नका, तो कोणाला चावत नाही आणि पगारही मागत नाही," म्हणाले, आणि चहा करायला गेले.

ही सोसायटी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. राणी तिकडे लंडनला राज्य करत होती आणि इकडे मिशिगनमधले डॉक्टर, वकील, पाद्री आणि एक पिठाच्या गिरणीचा मालक तिच्या राज्यातल्या विद्वत्सभांची हुबेहूब नक्कल करत होते. पक्षी, दगड, नेचे, किडे जमवायचे, त्यांवर निबंध वाचायचे, ते छापायचे. नाव लांबलचक होतं, पण गावात सगळे नुसतं 'सोसायटी' म्हणत. माझ्या हुद्द्याचं नाव एक्झिक्युटिव्ह सेक्रेटरी. त्यातलं एक्झिक्युटिव्ह पाटीपुरतं, पगार सेक्रेटरीचा.

असली संस्था चालते कशी, हे बाहेरच्याला सांगणं जरुरीचं आहे, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. आमच्याकडे सभासद दोन जातींचे. जात हा शब्द मी विचार करून वापरते आहे. वरचे ते फेलो. त्यांना फेलोंनीच निवडून घ्यायचं, आणि मत फक्त त्यांना. खालचे ते असोसिएट. शाळामास्तर, पक्षी बघणाऱ्या बायका, सुतार, नर्स. यांनी वर्गणी भरायची, किडे आणून द्यायचे, चहाचे कप विसळायचे आणि मतदानाच्या वेळी भिंतीला टेकून बसायचं. वर्षातून एकदा, जानेवारीत, सर्वसाधारण सभा. जानेवारी का, तर उन्हाळ्यात संस्थापक मंडळी रानात असायची. रानात ती गेली, स्वर्गातही गेली, सभा मात्र बर्फातच राहिली. मतासाठी माणूस स्वतः हजर पाहिजे, दुसऱ्याच्या हाती मत पाठवलेलं चालत नाही.

आणि एक रिवाज होता, तो मला फार आवडायचा. सभेची सुरुवात नमुन्यांनी व्हायची. दिवाणखान्यात ओकच्या लाकडाचं लांब टेबल होतं. ज्याला काही दाखवायचं असेल त्याने ते टेबलावर ठेवायचं आणि त्याविषयी बोलायचं. हा हक्क सगळ्यांना, फेलो असो, असोसिएट असो, की कुणाचा पाहुणा. आणि टेबलावर नमुना आहे तोवर कामकाज नाही, ठराव नाही, मतदान नाही. आधी निसर्ग, मग माणसांची भांडणं, असा त्यामागचा विचार. शंभर वर्षं कुणी हा रिवाज मोडला नव्हता, कारण मोडण्याची गरजच पडली नव्हती.

पैशाचंही असंच जुन्या वळणाचं. देणगी देणारा जे सांगून जाईल त्यावरच ते पैसे खर्च करायचे, आणि तेही फक्त व्याज. मुद्दलाला हात लावायचा नाही. ऐकायला फार चांगलं. पण एका बाईंनी नवऱ्याच्या मागे त्याचं अस्वल दिलं आणि अस्वलाच्या देखभालीसाठी घसघशीत रक्कम ठेवली. एका पाद्रीबुवांनी नेच्यांच्या चित्रांसाठी ठेवली. मग व्हायचं असं, की छत गळतंय, बॉयलर कण्हतोय, मी दोन स्वेटर घालून टाइप करते आहे आणि अस्वलाला मात्र दरवर्षी डेट्रॉइटहून माणूस येऊन विंचरून जातो आहे. मी त्या माणसाकडे असूयेने बघायची.

गिऱ्हाइकंही नमुनेदार. एक शेतकरी काका होते, ते रस्त्यावर मेलेला कुठलाही पक्षी खोक्यात घालून पोस्टाने पाठवायचे. पार्सल आलं की ते फ्रिजमध्ये ठेवायचं, अशी पद्धत. त्याच फ्रिजमध्ये माझा डबा. एकदा मी घाईत घरी डबा समजून भलतंच उचलून आणलं. श्रीधरने टेबलावर उघडलं आणि शांतपणे म्हणाला, "वसुधा, भाजी कुठली आहे ते मला कळत नाहीये, पण तिला चोच आहे." त्या दिवसापासून आमच्या घरी माझा डबा उघडण्याआधी वाजवून बघायची पद्धत पडली. आमची नेहा तेव्हा लहान. ती शाळेत सांगायची, "माय मॉम वर्क्स विथ डेड बर्ड्स," आणि तिच्या बाई मला जरा जपूनच भेटायच्या.

पण ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला बसले त्या म्हणजे मिस ट्रास्क. निवृत्त शिक्षिका, काटकुळ्या, पुरुषी बूट घालणाऱ्या. रात्री पांढरी चादर टांगून तिच्यामागे दिवा लावायचा आणि त्यावर येणारे पतंग पकडायचे, हे त्यांनी चाळीस वर्षं केलं. सोसायटीच्या वरच्या मजल्यावर एक अख्खी खोली त्यांच्या पतंगांची होती. कपाटात सपाट खण, खणात ओळीने टाचणीला लावलेले पतंग. परदेशातले शास्त्रज्ञ ती खोली बघायला यायचे. तरी मिस ट्रास्क असोसिएटच. त्यांचं नाव फेलोपदासाठी का येत नाही, असं मी एकदा डॉ. हॉलोवेंना विचारलं. ते खरोखर गोंधळले. "त्यांनी कधी मागितलंच नाही," म्हणाले. मागायचं तरी कुणी, जे फेलोंनीच सुचवायचं असतं ते? मला फार राग आला होता. मिस ट्रास्कना आला नाही, याचाही आला.

डॉ. हॉलोवे आमचे अध्यक्ष. निवृत्त प्राध्यापक, भुंगेऱ्यांचे जाणकार. वाईट माणूस मुळीच नव्हते, हे आधीच सांगते, कारण पुढे काही काळ ते वाईट दिसणार आहेत. एका शरद ऋतूत त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं.

"मिसेस के," ते म्हणाले. माझं करमरकर त्यांना कधीच पेललं नाही. "गिरणीवाल्यांच्या घराण्याचा ट्रस्ट पुढच्या वर्षापासून आपल्याला काही देणार नाही. नातवंडं फ्लोरिडाला आहेत. त्यांना गोल्फ आवडतो."

गिरणीमालकाच्या घराण्याकडून येणाऱ्या पैशावरच आमचा बॉयलर, नियतकालिक आणि मी चालत होतो. बाकीच्या देणग्या अस्वल आणि नेचे यांनी अडवलेल्या.

"मग?"

"मग जानेवारीत विसर्जनाचा ठराव. घराला गिऱ्हाईक आहे. संग्रह विद्यापीठ घेईल. मी थकलोय, मिसेस के. मला ही संस्था हळूहळू उपाशी मरताना बघायची नाही. त्यापेक्षा व्यवस्थित निरोप बरा."

विद्यापीठ घेईल म्हणजे दुर्मिळ तेवढं घेईल. बाकीचं खोक्यांत भरून दुसऱ्या गावच्या तळघरात. मिस ट्रास्कना मीच सांगितलं. त्या खिडकीशी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "तळघर ओलं असतं. दोन उन्हाळ्यांत सगळ्याला बुरशी येईल." रडल्या नाहीत, पण हातमोजे घालताना उजवा डाव्या हातात घालत राहिल्या. नोकरी जाणार हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉ. हॉलोवेंना म्हटलं, "आमच्या गावी गणपतीची वर्गणी गोळा करतात. दारोदार जातात, ज्याला जमेल तेवढं घेतात, तिथल्या तिथे पावती फाडतात आणि आरतीनंतर सगळ्यांची नावं मोठ्यांदा वाचतात. आपण तसं करू या. गावाला विचारू या."

"आपण शास्त्रज्ञ आहोत, मिसेस के," ते हळुवारपणे म्हणाले. "आपण दारोदार फिरत नाही."

एवढा मोठा बुद्धीचा देवमाणूस, पण दारावरची बेल वाजवायला लाजतो! दुपारी डबा खाताना मला माझे वडील आठवले. अण्णा सांगलीजवळच्या एका गावात विकास सोसायटीचे सचिव होते. शेतकऱ्यांना बी-बियाणं आणि कर्ज देणारी सहकारी सोसायटी. मांडवात सर्वसाधारण सभा, दोन पॅनेलं, घोषणा, आणि कुंपणाबाहेर उभ्या जीपगाड्या. अण्णा म्हणायचे, "भाषणाला लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. ज्याला आणायचंय त्याच्या दारात गाडी उभी कर, आणि आल्यावर त्याला गरम जेवायला घाल." इंग्रजी वळणाच्या संस्थेत मी अण्णांची मुलगी होते, हे मला त्या दिवशी आठवलं.

नियम असा, की विसर्जनाला हजर फेलोंपैकी दोन तृतीयांश मतं हवीत. सभेला नेहमी गावातलेच फेलो यायचे, आणि ते हॉलोवेंसारखेच थकलेले. पण बरेचसे फेलो लांब होते. कलामझू, ग्रँड रॅपिड्स, त्याही पलीकडे. त्यांनी आयुष्यभर नमुने पाठवलेले, सभेला मात्र बर्फामुळे कधी आले नाहीत. नोटीस पाठवणं माझं कामच होतं, ती मी सगळ्यांना सारखीच पाठवली. त्यानंतर मात्र मी फोन उचलला. फोनवर ठराव वाईट की चांगला, एक अक्षर बोलले नाही. एवढंच म्हटलं, "शेवटची सभा ठरू शकते. याल ना? जेवण आहे." अध्यक्षांच्या कानावरही घातलं. ते म्हणाले, "लोक आले तर मला आनंदच आहे." आणि तो खराच होता. गाडीचं मिस ट्रास्कनी बघितलं. कलामझूकडचा एक स्कूलबसवाला त्यांचा जुना विद्यार्थी होता. बाईंचा फोन गेल्यावर त्याने अजून गृहपाठ राहिला असल्यासारखं "येस, मिस ट्रास्क" म्हटलं आणि बस काढली.

सभा शनिवारी दुपारी. सकाळपासून बर्फ. मी पहाटे उठून मोठ्या पातेल्यात मसालेभात केला, वर जाड टॉवेल गुंडाळला. श्रीधरने पातेलं गाडीत ठेवताना विचारलं, "यार वसुधा, एवढा भात? तू इलेक्शन लढवतेयस का?"

"लढवत नाही. लोकांना जेवायला घालतेय."

"आय नो तुझे अण्णा," तो म्हणाला आणि गाडी हळू ड्राइव्ह करत मला सोडून आला.

दुपारी दिवाणखान्यात गावातले फेलो जमले. मागच्या भिंतीशी असोसिएट. खजिनदार मिस्टर ग्रिफिन घड्याळ बघत. ते बँकेतले गृहस्थ, त्यांना आकड्यांपुढे काही दिसत नसे, आणि आकडे त्यांच्या बाजूने होते हे मलाही मान्य आहे. बसचा पत्ता नाही. तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. बसवाला पेट्रोलपंपावरून बोलत होता. "जॅक्सन गावाच्या अलीकडे अडकलोय. बर्फ काढायची गाडी पुढे गेलीय, तिच्यामागून येतो. थांबायला सांगा!"

मी सभेत सांगितलं. ग्रिफिन म्हणाले, "वेळ म्हणजे वेळ. आपण कुणासाठी थांबत नाही."

डॉ. हॉलोवेंनी मान हलवली. "मिस्टर ग्रिफिन बरोबर म्हणताहेत. सभा वेळेवर सुरू होईल." मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आधी नमुने. कुणाजवळ काही आहे का?"

मागून मिस ट्रास्क उठल्या. हातात एक छोटी डबी होती. ती त्यांनी खिशात परत ठेवली, आणि "माझ्याजवळ थोडेसे पतंग आहेत," असं म्हणून जिना चढून गेल्या. त्यांच्यामागे दोन असोसिएट गेले. थोड्या वेळाने तिघं खाली आले ते हातांवर खण घेऊन. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलं. आणि मिस ट्रास्क पहिल्या पतंगापासून बोलायला लागल्या. कुठे सापडला, त्या रात्री वारा कसा होता, त्याची अळी कुठल्या झाडावर जगते. शाळेत आयुष्य गेलेलं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत. घड्याळाकडे बघणारे फेलो मान वळवून टेबलाकडे बघू लागले. मग चष्मे निघाले. मग खुर्च्या सरकल्या.

"अध्यक्षमहाराज, हा उघडउघड वेळकाढूपणा आहे!" ग्रिफिन उठले.

डॉ. हॉलोवेंनी त्यांच्याकडे दुःखाने पाहिलं. "टेबलावर नमुना आहे, मिस्टर ग्रिफिन." ते दुसरं काही म्हणूच शकत नव्हते. गणपतीच्या आरतीत मध्येच कुणी हिशेब वाचायला घ्यावेत, तसं त्यांना वाटलं असणार.

मिस ट्रास्कनंतर भिंतीशी बसलेल्यांना एकेक करून कळलं, की मत नसलं तरी आपल्याजवळ खिसे आहेत. एका नर्सने किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला पेटोस्की दगड ठेवला. मिशिगनच्या सरोवरकाठी सापडणारं ते प्रवाळाचं जीवाश्म, षट्कोनी नक्षीचं. एका सुताराने बुटाच्या चरीत अडकलेलं पाइनचं बी काढून त्यावर छान बोलून दाखवलं. लोक हसत होते. मी टिपणं घेता घेता खिडकीबाहेर बघत होते. बाहेर पांढऱ्याशिवाय काही नाही.

आणि नमुने संपले. ग्रिफिननी घसा साफ केला, ठरावाचा कागद उचलला. मला काय झालं कुणास ठाऊक, मी पेन खाली ठेवून उभी राहिले. पर्समध्ये एक पुडी होती. सांगलीहून पार्सल आलं होतं, त्यातली, संध्याकाळी मंडळातल्या कुलकर्णी काकूंना द्यायची. मी ती टेबलावर सोडली. "दगडफूल," म्हटलं. "आमच्याकडे गोड्या मसाल्यात घालतात. खडकावर आणि झाडाच्या सालीवर वाढतं. आज ते तुमच्या भातात आहे." एवढं बोलून माझं ज्ञान संपलं. पण डॉ. व्हॅन डाइक म्हणून एक फेलो होते, सभेत कायम झोपणारे. ते ताडकन उठले. त्यांचं सारं आयुष्य दगडफुलांवर गेलेलं. "हे तुम्ही खाता?" त्यांनी एक तुकडा भिंगाखाली धरला, हुंगला, मग चक्क चावला. मग तेच बोलत सुटले. याचे भाऊबंद इथल्या मेपलच्या सालीवर कसे आहेत, बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधाराने कशी जगतात. सेक्रेटरीने नमुना दाखवल्याची त्या सभेच्या इतिवृत्तात नोंद आहे. ती करायची पाळीही माझ्यावरच आली आणि मी माझं नाव जरा ठळकच लिहिलं.

पुडी संपली, डॉ. व्हॅन डाइकही संपले. बस नव्हतीच. तेव्हा मिस ट्रास्कनी खिशातली ती छोटी डबी काढली आणि टेबलावर न ठेवता सरळ डॉ. हॉलोवेंच्या हातात दिली.

"हा माझा प्रांत नाही," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात माझ्या चादरीवर आला होता, पतंगांच्या गर्दीत. तुम्ही सांगाल म्हणून ठेवला."

डबीत काळा, अंगठ्याएवढा भुंगेरा, पाठीवर नारिंगी ठिपके. मेलेले पक्षी आणि उंदीर जमिनीत पुरणाऱ्या जातीतला. डॉ. हॉलोवेंनी भिंग लावलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा भिंग लावलं. "मानेवर ठिपका आहे," ते कुणालाच उद्देशून नाही असं बोलले. "मानेवर नारिंगी ठिपका." आणि अध्यक्षांची खुर्ची, घंटा, ठराव, सगळं तिथेच टाकून हा सत्तरी उलटलेला माणूस जिन्याकडे धावला. वरून खण उघडल्याचे आवाज आले. ते खाली आले तेव्हा हातात संस्थापकांपैकी कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी पकडलेला तसाच एक भुंगेरा होता. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"हा या भागातून नाहीसा झाला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो," ते म्हणाले. "मी विद्यार्थ्यांना तसंच शिकवलं. आणि हा इथे, गावाबाहेर, जिवंत होता." मग ते बोलत राहिले. भुंगेऱ्याची नर-मादी जोडी मिळून कशी पिलं वाढवते, लहानपणी आजोबांच्या शेतावर त्यांनी तो पहिल्यांदा कसा पाहिला, पुढे कितीतरी उन्हाळे कसा शोधला. कुणी घड्याळ बघितलं नाही. ग्रिफिनसुद्धा टेबलावर वाकले होते. आणि मला दारात बूट आपटल्याचा आवाज आला. एकाचा नाही, पुष्कळांचा. अस्वलाला बघून कुणीतरी ओरडलं. कलामझूची बस आली होती! मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.

टोप्यांवरचा बर्फ झटकत ते सगळे आत आले, भिंतीशी जागा उरली नाही. डॉ. हॉलोवे भानावर आले. त्यांनी आलेल्यांकडे बघितलं, दोन भुंगेऱ्यांकडे बघितलं, आणि खुर्चीत जाऊन बसले.

"ठराव माझा आहे," ते म्हणाले. "तो मतास टाकण्याआधी मला एक सांगायचं आहे. आत्ता मी जिना चढलो आणि शंभर वर्षांपूर्वीचा भुंगेरा घेऊन खाली आलो. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या गावच्या तळघरात कुठल्या तरी खोक्यात असेल. तेव्हा मिस ट्रास्कनी मला ही डबी दिली असती, तर जुळवून बघायला काही नसतं आणि मी नकारार्थी मान हलवून ती परत केली असती." त्यांनी दोन्ही नमुने स्वतःच्या हाताने उचलून बाजूला ठेवले. "मतदान घेऊ या."

विसर्जनाच्या विरोधात पहिला हात अध्यक्षांचा वर गेला. मग बसमधल्यांचे, मग डॉ. व्हॅन डाइकचा, मग मला न दिसणारे कितीतरी. ठराव पडला. टाळ्या इतक्या झाल्या की वरच्या मजल्यावरून धूळ पडली. ग्रिफिन उठून मिस ट्रास्ककडे गेले, त्यांच्याशी हात मिळवला आणि मोठ्यांदा म्हणाले, "छान. आता बॉयलरचं काय करायचं?"

"आता जेवायचं," मी म्हटलं, आणि पातेल्याचा टॉवेल सोडला. भात अजून गरम होता. डॉ. हॉलोवे ताटली घेऊन माझ्याजवळ आले. भातातला दगडफुलाचा तुकडा त्यांनी चमच्याने बाजूला काढून नीट पाहिला आणि मग खाल्ला. "मिसेस के," ते म्हणाले, "ते तुमचं दारोदार फिरणं. ते नेमकं कसं करतात?"

वसंतात आम्ही निघालो. डॉ. हॉलोवे, मिस ट्रास्क आणि मी, हातात पावतीपुस्तक. पहिल्या दारात ते मागे उभे राहून बूट बघत होते. बेल मीच दाबली. चौथ्या-पाचव्या दारापासून मात्र आम्हाला बोलायलाच मिळेना. ते भुंगेऱ्याची डबी काढायचे, दारातली पोरं जमायची आणि आया पर्स आणायला आत जायच्या. कुणी किरकोळ दिलं, कुणी बरं दिलं. एक जण बॉयलरची दुरुस्ती करणारा निघाला, त्याने पैसे न देता हातच दिले. पुढच्या सभेत मी सगळ्यांची नावं मोठ्यांदा वाचली, आणि तो निळ्या डगल्यातला बॉयलरवाला स्वतःचं नाव ऐकून उठून उभा राहिला. त्याच सभेत, ज्याने वर्गणी भरली त्याला मत, असा नियम झाला. तो ठराव ग्रिफिननी मांडला, हे मी मुद्दाम लिहिते. मिस ट्रास्क पहिल्यांदा मत द्यायला हात वर करताना इतक्या अवघडल्या, की आधी त्यांनी शाळेतल्या मुलीसारखं एक बोटच वर केलं. पुढे त्या अध्यक्षही झाल्या.

मी अण्णांना सगळं पत्रात लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, "जीप वेळेवर निघायला हवी होती. बाकी ठीक." त्यांना हे घर दाखवायचं राहून गेलं. ते येण्याचं दोनदा ठरलं, दोनदा बारगळलं, मग ते गेले. एवढी एक गोष्ट सोडली, तर त्या नोकरीत माझं काही राहिलं असं मला वाटत नाही.

डॉ. हॉलोवेंनी अध्यक्षपद सोडलं त्या सभेत त्यांनी काचेची एक छोटी पेटी आणली होती. आत मिस ट्रास्कचा भुंगेरा. ती त्यांनी ओकच्या टेबलाच्या मधोमध ठेवली. "मी ही संस्था पुरायला निघालो होतो," ते म्हणाले, "आणि पुरण्याच्या कामातला खरा तज्ज्ञच मध्ये येऊन बसला." लोक हसले. ते हसले नाहीत. त्यांनी सभेपुढे एक विनंती ठेवली. मी ती लिहून घेतली आणि सर्वांनी हात वर करून मान्य केली. पेटी कायम टेबलावर राहील. इतर कुठल्याही मतदानाआधी सेक्रेटरीने ती उचलून बाजूला ठेवावी. पण सोसायटी बंद करण्याचा ठराव कधीही, कुणीही आणला, तर तिला कुणी हात लावायचा नाही. टेबलावर नमुना, म्हणजे मतदान नाही.

मी निवृत्त होईपर्यंत कितीतरी सभांत ती पेटी मी उचलली आणि परत ठेवली. माझ्या जागी आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी मी फ्रिज दाखवला, अस्वल दाखवलं, मग टेबलाशी नेलं. ती पेटी पुसायला म्हणून उचलू लागली, तेव्हा मी तिचा हात धरला.

"असू दे," म्हटलं. "ती तिथे आहे म्हणून आपण इथे आहोत."